परत न आलेलं मापटं

विमलमावशी गेल्या तेव्हा मी आधीच मेलेलो होतो. म्हणजे भाईंदरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, आमच्या हौशी मंडळाच्या तालमीत, तिसऱ्या अंकात, पांढऱ्या चादरीखाली. प्रेताचं काम मी फार जीव ओतून करतो... माझी नाटकातली बायको माझ्यावर पडून रडत होती आणि खिशातला मोबाइल वाजायला लागला. दिग्दर्शक ओरडला, "प्रेताने फोन बंद ठेवावा!" सगळे हसले. मीही चादरीखाली हसलो. फोन थांबला, पुन्हा वाजला, तेव्हा पडल्या पडल्याच कानाला लावला. खरी बायको होती. म्हणाली, "अहो, मावशी गेल्या. आत्ताच इस्पितळातून कळवलं." मी उठून बसलो. प्रेत उठलं म्हणून आणखी मोठा हशा झाला. हशा आणि टाळ्यांसाठी जन्मभर जीव टाकला मी. पण त्या दुपारी "गप्प बसा रे, खरंच कुणीतरी गेलंय" एवढं एक वाक्य मला धड म्हणता आलं नाही.

विमलमावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहायच्या, मी दुसऱ्या मजल्यावर. मूळच्या रोह्याकडच्या. एका इस्पितळात, मनाच्या आजारांच्या वॉर्डात, तीसेक वर्षं आया म्हणून राबल्या आणि निवृत्त झाल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ठेंगण्या, गोल, कपाळावरची कुंकवाची भलीमोठी जागा रिकामी आणि डोळे असे, की समोरचा खोटं बोलायच्या आधीच थबकायचा. मला त्या नावाने कधीच हाक मारायच्या नाहीत. "काय नाटक्या, आज कुणाचा खून करून आलास?" अशी सुरुवात असायची.

या दशकाच्या सुरुवातीला आमच्या आसपासच्या इमारतींत काही कुटुंबं भाड्याने राहायला आली. कुणी काश्मीरच्या खोऱ्यातलं घर टाकून निघालेलं, कुणी सीमेवरच्या गावात तोफगोळे पडायला लागले म्हणून. आधी जम्मू, मग दिल्ली, मग कुणा नातेवाइकाच्या ओळखीने इथं. आमची मंडळी त्यांना सफरचंदांबद्दल विचारायची. बर्फात मजा येते का, हेही विचारायची. मी स्वतः विचारलंय, कशाला लपवू?

मावशींनी मात्र काही विचारलं नाही. त्यांनी पाहिलं. आठवडी बाजारात भांडीवाल्यापाशी एक उंच, गोरी, पन्नाशीची बाई कुकर उचलायची, हातात तोलायची आणि परत ठेवायची. लागोपाठ तीन आठवडे. चौथ्या आठवड्याला तिने अॅल्युमिनियमचं एक पातळ पातेलं घेतलं. मावशी घरी येऊन मला म्हणाल्या, "ती बाई भांडं घेताना किंमत बघत नाही रे. वजन बघते. पुन्हा पळायची वेळ आली तर उचलता आलं पाहिजे ना..." ती बाई म्हणजे दुलारी. शेजारच्या इमारतीत मुलीबरोबर राहायची. मुलगी कॉल सेंटरात नोकरीला, आई दिवसभर दाराआड.

आणि मग मावशींची गुरुवारची बैठक सुरू झाली. तिला त्यांनी कधी काही नाव दिलं नाही. रायगडचा माणूस वालाच्या बिरड्याशिवाय जगू शकत नाही, हे आपण जाणताच. आणि एकट्या माणसाने वाल सोलणं ही शिक्षा आहे, हेही. भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून त्याला सालीतून बाहेर काढायचा. म्हणून आमच्याकडे सोलायला शेजारणी जमतात. मावशींनी आपल्या धान्य मोजायच्या पितळी मापट्याने चार मापटी वाल भिजवले, मोठी परात मध्ये ठेवली आणि या बायकांना बोलावणं धाडलं, "एकटीने होत नाही, मदतीला या." दया दाखवलेली कळते माणसाला, मदत मागितलेली आवडते. पहिल्या गुरुवारी तिघी आल्या, पुढे सहा-सात. मावशींचं हिंदी भयंकर, म्हणून दुभाषी म्हणून मला बसवलं. गुरुवार माझ्या सुट्टीचा वार. मावशींचं पहिलं भाषण मी अजून विसरलो नाही : "देखो, बोलने का मंगता तो बोलो, नहीं मंगता तो मत बोलो. लेकिन सोलो." याचं भाषांतर काय करायचं?

जमीला म्हणून एक होती, सीमेवरच्या गावातली, तिखट जिभेची. तिने चिमटीत पहिला दाणा दाबला तो सुळकन उडून माझ्या चष्म्यावर. "माफ करना भाईजान, निशाना पक्का है हमारा!" त्या खोलीतलं ते पहिलं हसू. नंतर एका संस्थेची तरुण डॉक्टरीण महिन्यातून एकदा यायला लागली. ती मावशींनीच जुन्या ओळखीतून आणलेली, कारण कुणाला झोपच येत नाही, कुणाचे हात थांबत नाहीत, हे नुसत्या वालाने जाणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी हसऱ्या-रडक्या पाच चेहऱ्यांचा तक्ता आणला आणि आज तुम्ही यातल्या कोण, तिथे खूण करा म्हणाल्या. जमीलाने तक्ता निरखून पाहिला. "डॉक्टर साहिबा, ये पाँचों मुँह मेरे ही हैं. सुबह से एक-एक करके सब पहने हैं. किस पे निशान लगाऊँ?" डॉक्टरीणबाई प्रामाणिक होत्या. त्यांनी तक्ता गुंडाळला आणि सोलायला बसल्या.

नियम एकच होता. "साली कुंडीत, बोलणं पोटात." सोललेल्या साली मावशी तुळशीच्या कुंडीत पुरायच्या. आणि त्या खोलीत कुणी काही बोललं तर ते उंबऱ्याबाहेर जायचं नाही.

दुलारी पाच महिने काही बोलली नाही. यायची, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायची, सगळ्यांत वेगाने सोलायची, जायची. मी अस्वस्थ व्हायचो. एकदा मावशींना म्हटलं, "तुम्ही तिला बोलतं करा ना." तर म्हणाल्या, "मी कोण करणार? वॉर्डात तीस वर्षं काढली, मी कुणाला बरं नाही केलं. शेजारी बसले. तेवढंच येतं मला." मग एका गुरुवारी, कुणी काही विचारलेलं नसताना, परातीतली नजर न काढता ती बोलायला लागली. दहा-बारा मिनिटं. शांत आवाजात, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं. मी हळू आवाजात मावशींना मराठीत सांगत होतो आणि माझाच आवाज मला ऐकू येईनासा झाला होता. ती थांबली. कुणी रडलं नाही. मावशींनी आणखी एक ओंजळ वाल तिच्या पुढ्यात सरकवले आणि ती ते सोलू लागली.

ती काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. का, ते सांगतो.

शनिवारी संध्याकाळी आमच्या इमारतीखालच्या बाकावर आम्हा चार मित्रांचा अड्डा असतो. तिथे मी ते सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, केलं. उभा राहून. माझा आवाज कुठे खाली न्यावा, कुठे थांबावं, हे मला चांगलं कळतं. आणि भीती रात्रीची चांगली उभी राहते, म्हणून मी तिच्या गोष्टीत रात्र घातली. चांदणं घातलं. बर्फावर वाजणारी पावलं घातली... तिघांच्याही अंगावर काटा आला. एकाने डोळे पुसले. मी त्या संध्याकाळी फार छान जेवलो.

आठ दिवसांत एका मित्राची बायको दुलारीला बाजारात भेटली. बिचारी मनाने चांगली. तिने दुलारीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बहुत बुरा हुआ आपके साथ. वो चाँदनी रात का सुना मैंने..." दुलारीने हात सोडवून घेतला. त्या गुरुवारी ती मावशींच्या दारात आली, पण आत नाही. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "चाँद नहीं था, भाईसाहब. दोपहर थी." आणि गेली. ती पुन्हा कधी आली नाही.

मावशी मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तीन गुरुवार काही म्हटलं नाही. चौथ्या गुरुवारी सगळ्या गेल्यावर परात धुता धुता म्हणाल्या, "तुला टाळी लागते रे. ते काय पाप नाही. पण तिच्याकडे तेवढीच एक वस्तू होती, तिथून उचलून आणलेली. तीसुद्धा तू बदललीस." मी म्हटलं, "मी माफी मागतो जाऊन." म्हणाल्या, "नको. तू माफीचाही प्रवेश करशील." हे अगदी खरं होतं, म्हणून मी गेलो नाही. आता वाटतं, जायला हवं होतं. आपलं नाटक होईल या भीतीने माणूस खरं बोलायचंही टाळतो, ते कुठलं शहाणपण?

त्यानंतर दर गुरुवारी मावशी मोड आलेल्या वालांची एक स्टीलची वाटी दुलारीच्या दाराबाहेर ठेवून यायच्या. गुडघे दुखायचे, तरी तीन मजले स्वतः चढायच्या. मला पाठवत नसत. संध्याकाळी वाटी परत यायची. मुलगी आणून द्यायची. घासलेली, पुसलेली, वाल तसेच्या तसे, सालीसकट. पाचव्या-सहाव्या वेळी मी म्हटलं, "मावशी, आता पुरे. तिला नाही यायचं." मावशी म्हणाल्या, "ती वाटी घासून देते ना रे. म्हणजे हात लावते." आठ महिने चाललं हे. मग गेल्या उन्हाळ्यात त्यांना धाप लागायला लागली, पायांवर सूज आली. इस्पितळात जायच्या आदल्या गुरुवारी त्यांनी वाटी नाही काढली. ते पितळी मापटं काढलं, रोह्याहून लग्नात आलेलं, काठ माझ्या मनगटाएवढा जाड वाटावा इतकं जड. काठोकाठ वाल भरले. मी म्हटलं, "अहो, हे कशाला?" तर दम खात, पण डोळ्यांत तीच खट्याळ चमक आणून म्हणाल्या, "हलकं भांडं धाडलं की परत येतं. आता जड धाडून बघते."

इस्पितळात मी रोज जायचो. रोज पहिला प्रश्न, "मापटं आलं?" मी म्हणायचो, "नाही." त्या मान हलवायच्या. शेवटच्या आधीच्या दिवशी मी म्हटलं, "मागून आणू का?" नाकाला नळी लावलेली बाई, तरी बोट वर करून म्हणाली, "खबरदार."

तेराव्यानंतर मी मनाचा धडा करून शेजारच्या इमारतीत गेलो. काही पाठ न करता. तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं आणि आत रंगारी भिंतींना चुना लावत होते. अकरा महिन्यांचा दुसरा करार संपला होता. त्या कुठे गेल्या, कुणाला ठाऊक नव्हतं, जमीलालाही नाही. ओटा रिकामा. खाली वॉचमनला विचारलं, सामान किती होतं? "कुछ नहीं साहब, दो बैग और एक थैली." मी विचारलं, थैली जड होती का? तो हसला. "मैंने उठा के थोड़ी देखी?"

आता खरं सांगतो, जिना उतरेपर्यंत माझ्या डोक्यात वाक्य तयार झालं होतं. वॉचमन म्हणाला, थैली फार जड होती, बाईंनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती... टाळी होती तिथे. मी ती घेत नाही. मापटं कदाचित तिने नेलं असेल. कदाचित घर साफ करणाऱ्याने मोडीत घातलं असेल. मावशींना ते कळलं नाही, मलाही कळणार नाही.

मावशींची भाची रोह्याहून आली होती. तिने खोली आवरली आणि परात माझ्या हवाली केली. गुरुवारी आता आमच्या घरात बसतो. चौघीच येतात. मी हळू सोलतो आणि गप्प बसतो, जमीला मधेच म्हणते, "भाईजान, तबियत तो ठीक है?" वाल भिजवताना मापटं नाही म्हणून मी मुठीने मोजतो. अंदाज काही केल्या जमत नाही. दर वेळी एका माणसापुरते जास्तच पडतात... तेवढे सालीसकट परातीच्या दाराकडच्या काठाशी सरकवून ठेवतो.