लाल धुरा

पन्नास सालानंतरची गोष्ट. चांद्याचं नाव तेव्हा बदललेलं नव्हतं, चांदाच म्हणत. तिथल्या मिशनमध्ये एक मिसबाई आम्हां सात-आठ मुलींना लेस शिकवायच्या. तणस ठासून भरलेली उशी, तिच्यावर टोचलेल्या टाचण्या आणि टाचण्यांभोवती फिरवायच्या सागाच्या बारीक दांड्या. प्रत्येक दांडीवर धागा गुंडाळलेला. दांड्या जोडीनं चालायच्या, एकटा असायचा तो फक्त जाड धागा. फुलाच्या कडेकडेनं तो नेला की फूल उठून दिसे. मिसबाईंचा इंग्रजी शब्द आमच्या जिभेवर काही बसला नाही. आम्ही त्याला धुरा म्हणायचो, धानाच्या बांधीला कडेनं मातीचा असतो तसा.

धुरा घालणं बघायला सोपं. जोडीतला एक धागा वर उचलायचा, दुसरा खाली ठेवायचा, मधून जाड धागा सारायचा. पण त्याच्या अलीकडे आणि पलीकडे जोडीला पीळ द्यायचा विसरलात, की तो सैल पडलाच म्हणून समजा. गाठ मारायची नाही. फुलाला वळसा पुरा झाला की शेवटचं टोक सुरुवातीच्या टोकाशेजारून चार टाचण्यांपुरतं चालवायचं आणि उरलेलं कापायचं. माझा पीळ पक्का असे. आई म्हणायची, "हिचा सुंभ जळंल, पण पीळ जाणार नाई." ते लेसबद्दल नव्हतं.

ताईच्या लग्नात मी तिच्या पोलक्याच्या बाह्यांसाठी लेस केली. पांढऱ्या जाळीत आठ फुलं, प्रत्येकाला लाल धुरा. दोन महिने मान मोडून बसले होते. ताई चिमूरकडच्या एका खेड्यात नांदायला गेली. भाऊजी कमी बोलणारे, पण बाजाराला निघताना ते तिला सांगत, "ते फुलाचं पोलकं घाल." ताई हे मला सांगताना लाजायची आणि मी तिला छळ छळ छळायची.

दुसऱ्याच वर्षी भाऊजी तापानं गेले. आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

काही महिन्यांनी ताई माहेरी आली. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. वीस वर्षांची होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. बोचक्यातून तिनं ते पोलकं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"सासूबाई म्हंते, पांढरं चालंल, लाल नाई पाहिजे. एवढा लाल धागा काढून देतं का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सासूची, त्या पांढऱ्या लुगड्याची, सगळ्या जगाची.

"नाई निघत," मी म्हणाले. "एकदा पीळ दिला का तो निघतच नाई. घालायचं तर लालच घाल. काऊन भेतं तिले?"

ते खोटं होतं. रंग चुकला तर काय करायचं, हे मिसबाईंनी पहिल्याच पावसाळ्यात शिकवलं होतं. जुन्या धाग्याचं टोक सुईनं मोकळं करायचं, त्याला नवा धागा शिवायचा आणि जुना हळूहळू ओढत जायचं. जुना निघतो, त्याच वाटेनं नवा आत जातो. जाळीला धक्का लागत नाही.

पण मला सासूला नमवायचं होतं. ताईनं लाल घालून तिच्यासमोर उभं राहावं, असं मला वाटत होतं. उभी ताईच राहणार होती, मी नव्हे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ताईनं दोन्ही बाह्यांची लेस जपून उसवली आणि माझ्या हातात दिली. "तुयापाशीच राहू दे," म्हणाली, आणि साध्या बाह्यांचं पोलकं घेऊन परत गेली.

चार वर्षांनी माझं लग्न ठरलं. आईनं पेटी उपसताना ती लेस वर आली. आई म्हणाली, "तुयाच पोलक्याले लाव." मला ते ऐकवेना. जेवणं झाल्यावर मी सुई आणि पांढरा जाड धागा घेऊन ओसरीवर बसले. एकेका फुलाचं टोक शोधलं, पांढरा शिवला, लाल ओढला. माझाच पीळ पक्का, म्हणून बोटं सोलली. उन्हं उतरायच्या आत आठही फुलं पांढरी झाली होती. एकही पाकळी हलली नव्हती.

ताई लग्नासाठी दोन दिवस आधी आली. मी लेस तिच्या हातात दिली. तिनं ती मांडीवर पसरली आणि एका फुलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं, ती भाऊजींची काहीतरी आठवण काढेल.

"म्हंजे निघत होता," ती म्हणाली.

मी मान हलवली. ताईनं घडी घातली आणि लेस माझ्या रुखवताच्या ताटात ठेवली.

"चार वर्सं मी त्यायचं काईच अंगाले लावलं नाई," ती म्हणाली. "आता सवय झाली."

लग्नात ती मागच्या खोलीत बसून होती. बाह्या साध्याच होत्या.