दुर्गाबाईंची सही

मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या दुर्गाबाईंना कापडातलं कळतं, हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, तेव्हा सावंतवाडीला मावशीकडे राहून त्या हे काम शिकल्या. तिथं एका मडमेचं सामान विकायला निघालं, त्यातली विलायती शिवणाची पुस्तकं त्यांनी पुन्हा पुन्हा चाळली. लोकर की सूत असं कुणी विचारलं, की बाई एक धागा ओढून बोटांत चोळत आणि निकाल देत. तेवढाच त्यांचा मान.

१९५३ सालच्या डिसेंबरात कस्टमचे परशुरामपंत एक गाठोडं घेऊन शाळेत आले. गोव्याहून आलेल्या मचव्यातून ते उतरलं होतं. आत लहान मुलीच्या मापाचे दोन जाड, टोपीवाले कोट आणि दोन लोकरी तुमानी.

"बाई, मुलांचे साधे कपडे असतील तर थोडक्या जकातीत सुटतात. खेळाचं सामान असेल तर जकात जबर. पुस्तकात दोन्ही कलमं आहेत, पण हे कुठल्या कलमात घालू?"

बाईंनी तुमान उलटीसुलटी केली. असली तुमान त्यांनी चित्रात पाहिली होती. "हा पट्टा पावलाखालून जातो. पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरतात, त्या खेळाचा हा पोशाख."

"लिहून द्याल?"

बाईंनी तिथल्या तिथं लिहून दिलं आणि खाली झोकात सही केली. गाठोडं कुणाचं, हे विचारायचं त्यांना सुचलंही नाही.

आठ दिवसांनी रोजची मासळीवाली हिरा दारात आली. टोपली तिनं डोक्यावरून उतरवलीच नाही.

"बाई, माझ्या गाठोड्यात खेळाचा सामान आसा म्हणान तुमीच लिहून दिलास?"

"तुझं होतं ते?"

"माझो घोव बोटीर खलाशी, तेना धाडलेला. बोट मुरगावाक लागली, तेना मचव्यावाल्याकडे दिल्यान. आमच्या मथुराक दमो आसा, थंडीत छाती भरता तिची. विलायतेतल्या दुकानात पोरांचा ऊबदार म्हणान ह्याच मेळला तेका. माझा चेडू बर्फात खंय खेळतला?"

जकात भरायला बाई आपला पगार देऊ लागल्या, तेव्हा हिरा म्हणाली, "तुमचे पैशे माका नको," आणि पाठ फिरवून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी बाई बंदरावर गेल्या. "तो कागद मला परत द्या."

"त्यात लिहिलंय ते खोटं आहे का?" परशुरामपंतांनी विचारलं.

"खोटं नाही."

"मग मी काय खोडू? वर अर्ज करा."

बाईंनी हिराच्या नावानं मुंबईला अर्ज लिहिला. कपडा कशासाठी शिवला ते बघू नका, तो कुणाच्या अंगावर जाणार ते बघा, असं त्यात त्यांनी कळकळून मांडलं. हिरानं अर्जावर अंगठा दिला. उत्तर यायला चैत्र उजाडला. जाणकार बाईंचं मत स्पष्ट असल्यामुळे जकात कायम, असं त्यात होतं. एवढी जकात हिराला भरता येईना, आणि गाठोडं लिलावात गेलं. तोवर थंडी सरली होती आणि मथुरानं ती कण्हत-खोकत काढली होती. मधल्या दिवसांत बाईंनी आपली लोकरी शाल कापून तिला कोट शिवून दिला. हिरानं तो घेतला, पोरीसाठी. पण मासळी घेऊन बाईंच्या दारी ती पुन्हा थांबली नाही.

पुढच्या वर्षी परशुरामपंत एक स्वेटर घेऊन आले. "लोकर आहे, हातानं विणलेला," बाई म्हणाल्या. "कशासाठी आहे, ते ज्याचा आहे त्यालाच विचारा." सही द्यायला त्यांनी नकार दिला. पंत नंतर आले नाहीत, आणि बाईंना कापडातलं विचारणंही गावानं हळूहळू सोडलं.

गाठोडं गेल्यापासून सातव्या वर्षी मथुरा शिवणाच्या वर्गात आली. उंच, काटकुळी, छाती अजून नाजूकच. वर्ग सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं.

"मथुरा, तुझ्या बाबांनी पाठवलेले कपडे माझ्यामुळे गेले."

"माका म्हायती आसा," ती म्हणाली. "आयेन सांगल्यान. तिणांच माका तुमच्याकडे शिकाक धाडल्यान."

मथुरानं बाकावरच्या सुया गोळा करून डबीत ठेवल्या आणि ती घरी गेली.