पाखऱ्याला आत घेतलं नाही

सुधाला जनावरांची आवड कधीच नव्हती. समोरून गाय आली की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची. लग्न होऊन वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या घरात आली, तेव्हा अंगाची हळद उतरायच्या आत सासऱ्यांनी तिच्या हातात मलमाचा डबा दिला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या बैलाकडे बोट दाखवलं.

"मी याचं शिंग धरतो. तू खांद्याला लाव. घाबरू नकोस, तो तुझ्याहून जास्त घाबरलाय."

सासरे म्हणजे बंडोपंत. शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटली की भूतदया मंडळाचे. हे मंडळ त्यांच्याही वडिलांच्या वेळचं. गावातले काही वकील आणि कापसाचे व्यापारी एकत्र आले, नालवाडीच्या मागे जागा घेतली, म्हाताऱ्या आणि लंगड्या जनावरांसाठी गोठा बांधला. त्या काळी लोक त्यांना हसले होते. बैल आपला, चाबूक आपला, मधे बोलणारे हे कोण?

कापसाच्या हंगामात बंडोपंत रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. गाडी थांबवायची, जुवाखाली हात घालायचा, खांदा सोललेला असला की तिथल्या तिथे बैल सोडायला लावायचं. गाडीवाल्यांनी त्यांना शिव्या दिल्या. एकानं तर कानावर चाबूक ओढला, त्याचा वळ शेवटपर्यंत राहिला. आंजीच्या बाजारात ते खोक्यावर उभे राहून बोलत, तेव्हा पोरं मागून खडे मारायची. पण सुधा घरात आली तोवर चित्र पालटलं होतं. बंडोपंत लांबून दिसले की गाडीवाले आपणच गाडी थांबवत आणि म्हणत, "मास्तर, पाहून घ्या, काई नाई झालं त्याले."

पुढे गाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. बंडोपंत गेले, सुधाचे यजमानही गेले. मंडळाचे जुने सभासद एकेक करून वारले आणि त्यांची मुलं पुण्या-बंगळुरात स्थिरावली. कॉलेजच्या ऑफिसातून सुधा निवृत्त झाली, तेव्हा उरलेल्या दोघातिघांनी तिला गळ घातली. "वहिनी, तात्पुरतं सेक्रेटरीपद घ्या. माणूस मिळाला की सोडा." माणूस काही मिळाला नाही. गोठ्यात राबायला तानबा होता, म्हातारा, कमरेत वाकलेला. तो आणि सुधा, दोघांनी मिळून ती म्हातारी जनावरं सांभाळली. आवड म्हणाल तर तेव्हाही नव्हती. पण चांदी नावाची एक आंधळी गाय होती, तिला सुधाच्या पावलांचा आवाज कळायचा. सुधा फाटकातून आत आली की ती मान वर करायची. तेवढ्यासाठी सुधा रोज जायची.

आणि मग लम्पीची साथ आली.

त्या वर्षी पोळा भरला नाही. बैलांचे खांदे शेकले ते घरातल्या घरात, पूजा झाली ती गोठ्यातच. बाजार बंद, जनावरांची ने-आण बंद. पशुवैद्यक डॉक्टर अभिराम मोटरसायकलवरून गावोगाव लस टोचत फिरत होते. ते मंडळाच्या गोठ्यातही आले, सगळ्या जनावरांना लस दिली आणि जाताना सुधाला बजावून गेले.

"ताई, लस आत्ता दिली आहे, अंगात भिनायला वेळ लागेल. तोवर बाहेरचं एकही जनावर आत घ्यायचं नाही. कोणी कितीही हातापाया पडलं तरी नाही. तुमची जनावरं म्हातारी आहेत. एक आजारी आत आलं तर सगळा गोठा जाईल."

सुधानं फाटकाला साखळी घातली.

लोक येतच होते. फाटकाशी एखादी कालवड बांधलेली सापडे. कोणी फोन करून विचारी, "मंडळ चालू हाये ना?" मंडळाचं काम पाहायला आता दोनच माणसं उरली आहेत, हे कोणाच्या गावीही नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की जनावराला कोणी नसलं तर वर्ध्याला न्यायचं. बापानं सांगितलेलं, आज्यानं सांगितलेलं. सुधा प्रत्येकाला डॉक्टरांचा नंबर देई, औषध सांगे आणि परत पाठवी. घरी येऊन जेवायला बसली की घास तोंडातच फिरत राही.

एका दुपारी आडवाटेनं एक छोटा टेम्पो आला. ताडपत्री टाकलेली. खाली उतरलेला माणूस पन्नाशीचा होता, डोक्याला गमछा, डोळे लाल.

"बाई, मी किसनराव, आंजीचा. बैल आणला. फाटक उघडा ना जरा."

सुधानं गजांमधून पाहिलं. ताडपत्रीखाली गवळाऊ जातीचा पांढराशुभ्र बैल होता. अंगभर गाठी आलेल्या, पुढचे पाय सुजून खांबासारखे झालेले, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मालकाचा आवाज ऐकून त्यानं कान हलवला.

"भाऊ, आत नाही घेता येणार. डॉक्टरांनी मनाई केली आहे."

"असं काऊन म्हनता? माह्या बापानं सांगतलं होतं, बंडोपंत मास्तरच्या फाटकातून जनावर वापस जात नाई."

सासऱ्यांचं नाव ऐकून सुधानं साखळी घट्ट धरली. 

"आत म्हातारी जनावरं आहेत हो. एकालाही झेपणार नाही. तुम्ही याला घरीच वेगळा बांधा. मी औषध देते, कसं करायचं ते सांगते."

"घरी कुठी बांधू? घरी दोन गायी हायेत, वासरू हाये. त्यायले होऊ नये म्हून तं इकडं आणला." किसनराव गजांना तोंड लावून बोलत होता. "बाई, तुमची जनावरं ती जनावरं, अन् माही?"

 टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. त्याला पकडले जायची भीती होती.

"पाणी तं पाजू द्या."

तिनं प्लास्टिकची बादली भरून फाटकाच्या फटीतून बाहेर सरकवली. किसनरावानं बैलाच्या तोंडाशी धरली. "पे रे पाखऱ्या, पे." बैलानं तोंड बुडवलं, पण पाणी घशाखाली उतरेना. किसनरावानं बादली खाली ठेवली, सुधानं पुढे केलेली औषधाची पुडी न घेताच टेम्पोत बसला आणि गेला. त्यानं सुधाकडे वळूनही पाहिलं नाही. तानबानं ती बादली बाहेरच्या बाहेर जाळात टाकली. सुधा साखळी धरून उभीच होती. शेवटी तानबा म्हणाला, "चला बाई. तुमच्या हाती नव्हतं ते." तिला ते पटलं नाही.

पोळ्यानंतरचं ऊन चढत होतं. गोठ्यात माश्या घोंघावत होत्या. तानबा सकाळ-संध्याकाळ कडुनिंबाचा धूर करी, सुधा जनावरांच्या अंगावरून हात फिरवून पाही. आणि एका सकाळी चांदीच्या मानेवर तिच्या बोटांना गाठ लागली. मग दुसरी. सुधानं हात मागे घेतला, पुन्हा लावला. गाठ तिथेच होती.

"तानबा," तिनं हाक मारली.

फाटक बंद होतं आणि माश्यांना फाटक नसतं. डॉक्टर अभिराम धावत आले, इंजेक्शनं दिली.  चांदीनं खाणं सोडलं. सुधा बाजरीची पेज करून आणायची, हातानं तोंडात घालायची, ती बाजूनं ओघळून जायची. पावलांचा आवाज आला की चांदी मान उचलू पाही, अर्ध्यात सोडून देई. ती गेली त्या दिवशी पलीकडच्या रांगेतली दोन जनावरं बसली. मागच्या पडीत जागेत जेसीबीनं खड्डा काढला, चुना आणि मीठ टाकलं. खड्डा बुजवून होईस्तोवर नवा काढायची वेळ आली.

सुधानं उरलेल्या सभासदांना फोन केले. एकानं उचललाच नाही. दुसरे म्हणाले, "वहिनी, किती दिवस ओढणार? बंदच करून टाका आता. मंडळाचा काळ गेला." तानबा तापानं फणफणून घरी पडला होता. रिकाम्या होत चाललेल्या गोठ्यात सुधा गव्हाणीच्या कडेला बसून राहायची. एकच गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. ज्यांना वाचवायला म्हणून त्या बैलाला बाहेर ठेवलं, तीच मेली. मग त्याला बाहेर का ठेवलं?

शेवटी ती सकाळच्या एसटीनं आंजीला गेली. किसनरावाचं घर विचारत विचारत सापडलं. दारात त्याची बायको कोकिळा कुटार, जनावरांचा भुसा, चाळत बसली होती. सुधानं आपलं नाव सांगितलं. कोकिळेचा हात थांबला.

"बैल कसा आहे?"

"गेला. टेम्पोतून उतरवला अन् बसला, तो बसलाच." कोकिळा पुन्हा चाळू लागली. "तुमच्याकडं घेतला असता तं जगला असता का?"

"नाही," सुधा म्हणाली. "माझीही गेली. बहुतेक सगळी."

 कोकिळा उठली, कुटाराचं टोपलं डोक्यावर घेतलं. "आमचे मालक तिकडं हायेत. याचं असन तं या."

गावाबाहेर, नाल्याच्या अलीकडे आंब्याची झाडं होती. साथ गावभर पसरल्यावर तिथे लांबलांब खुंटे ठोकून गावातली आजारी जनावरं बांधली होती. मधे धुरासाठी पेटवलेले पाल्याचे ढीग. एक म्हातारी, यशोदाबाई, वासराचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या जखमेवर हळद-तेल लावत होती. पलीकडे दोन पुरुष उठू न शकणाऱ्या गाईला कूस पालटून देत होते. ही गाय त्यांची नव्हती. ज्याची होती तो शेतावर गेला होता, संध्याकाळी त्याची पाळी.

किसनराव एका बैलाला पेज भरवत होता. सुधाला पाहून त्यानं मान खाली घातली आणि काम चालू ठेवलं.

"भाऊ, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं? मी असतो तं मीबी फाटक लावलंच असतं." त्यानं पेजेचं भांडं खाली ठेवलं. "पन राग येते. पाखऱ्या माह्याकडं पाहत होता रस्ताभर. तो राग जात नाई, बाई. खोटं काऊन बोलू?"

"नका बोलू."

ती तिथेच जमिनीवर बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हे असं एकत्र बांधायचं, पाळ्या लावायच्या, कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोन सांगन?" यशोदाबाईच बोलली. "आमच्या गावात असंच हाये. जनावर एकटं मरू द्याचं नाई. सोललेल्या खांद्यावर जू ठेवलं तं त्या माणसाले गावात कोनी आपला बैल देत नाई. माह्या लहानपनापासून असंच हाये."

"त्याआधी?"

"त्याआधीचं कोनाले मालूम?"

 याच गावच्या बाजारात एक माणूस खडे खात उभा राहायचा, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. किसनरावालाही मास्तरांचं नाव आणि वर्ध्याचं फाटक तेवढं माहीत होतं. सुधाला सांगावंसं वाटलं, पण कोणाला आणि कशासाठी? समोर वासरू तोंड वासून श्वास घेत होतं. यशोदाबाईचे पाय आखडले होते. सुधानं वासराचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. ते ऊन उतरेपर्यंत तसंच होतं, मग त्याचं अंग ताठ झालं. कोकिळेनं येऊन हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "सोडा बाई आता." सुधाला सोडवत नव्हतं. कोकिळेनंच तिची बोटं एकेक करून उलगडली.

त्यानंतर साथ ओसरेपर्यंत सुधा आंजीला जात राहिली. आंब्याखालची काही जनावरं उठली, काही उठली नाहीत. सुधाच्या गोठ्यात दोनच गायी वाचल्या. हिवाळ्यात सभासदांची बैठक झाली आणि मंडळ बंद करायचं ठरलं. विरोधाला ती एकटी होती. त्या दोन गायी घेऊन ती कोकिळेकडे गेली.

"दूध देतात का?"

"नाही. म्हाताऱ्या आहेत."

"मंग काय कामाच्या?" असं म्हणत कोकिळेनं दावी हातात घेतली आणि परसात नेऊन बांधली. किसनराव ओट्यावर बसून पाहत होता. त्यानं पाखऱ्याची रिकामी गव्हाण पुढे ओढली आणि त्यात चारा टाकला.

मंडळाच्या गोठ्याला आता कुलूप आहे. पण लोकांना ते कोण सांगणार? मागच्या महिन्यातही कोणीतरी पाय मोडलेली कालवड फाटकाला बांधून गेलं. शेजाऱ्यांनी सुधाला निरोप दिला. तिनं आंजीला फोन लावला, तर कोकिळा म्हणाली, "जागा नाई बाई. खरंच नाई." डॉक्टर अभिराम दौऱ्यावर होते. सुधा फाटकाशी गेली. गुडघे दुखत होते तरी खाली बसली आणि दावं सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती, बोटांत जोर नव्हता. कालवड थरथरत होती. रस्त्यावरून जाणारा एक भाजीवाला सायकल लावून आला, विचारलं काहीच नाही, खाली वाकून त्यानं गाठ सोडवली आणि कालवडीची मागची बाजू उचलून धरली. दोघांनी मिळून तिला सुधाच्या अंगणापर्यंत ओढत नेलं.