झोळीतला वरवंटा

अक्का कधी टेकून बसल्या नाहीत. खुर्ची पुढे केली तर तिच्या काठावर बसायच्या, पदर खोचलेला, एक पाय पुढे. जणू विट्याची एसटी आत्ता फाटकाशी थांबेल आणि त्यांना न घेताच निघून जाईल. जेवताना दोनदा तरी उठायच्या. टीव्हीसमोर बसल्या तरी मांडीवर शेंगांचं सूप असायचंच, आणि शेंगा संपल्या की त्या टरफलंच पुन्हा चाचपत राहायच्या.

अन्वी, ओम, या अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. तुम्ही त्यांना फोनच्या पडद्यावर पाहिलंत, तेही धड नाही, कारण त्या पडद्यात कधी थांबायच्याच नाहीत. "कशी हाईसा रं बाळांनु?" एवढं विचारून उत्तराच्या आत मोरीकडे निघालेल्या असायच्या. तुम्हाला दिसायची ती त्यांची पाठ.

त्या विट्याजवळच्या गावाहून साताऱ्याला आमच्याकडे राहायला आल्या, त्याला कारण होतं. त्यांचं हृदय अशक्त झालं होतं. रोज दुपारी तासभर आडवं व्हायचं, नाहीतर औषधांचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. गावात त्या शेतात पळाल्या असत्या, म्हणून आजोबांनी त्यांना इकडे आणलं. मी पलंगावर स्वच्छ चादर घातली, पडदे ओढले. दहा मिनिटांनी पाहते तर अक्का पडदे काढून भिजत घालत होत्या.

"अक्का, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डाक्टरचं काय जातंय? आवं वैनी, दिवसाउजेडी मानूस आडवं झालं की शेजारीपाजारी बगायला येत्यात. मला न्हाई बगून घ्यायचं."

त्याच सुमारास मे महिन्यात तुम्ही येणार असं ठरलं. ओमने फोनवर सांगितलं होतं, "आजी, आंबा आणि चिकूच्या मध्ये हॅमॉक बांध." मी ते अक्कांना सांगितलं. झाडाला बांधायची जाळीची झोळी, पोरं त्यात झोके घेतील. अक्का मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"झाडाला झोळी? न्हाई. पोरास्नी खाली चटई टाका."

आणि मेथी अर्धी टाकून त्या आत गेल्या. अर्धवट टाकलेलं काम मी त्यांच्या हातून तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आजोबांनी मग मला सांगितलं. अक्कांचा वसंता सहा महिन्यांचा असताना शाळूची काढणी चालली होती. बांधावरच्या कडुलिंबाला काथ्याच्या दोराने लुगड्याची झोळी बांधलेली होती. अक्का पहाटेपासून वाकलेल्या होत्या. त्या बांधाला टेकल्या, त्यांचा डोळा लागला. झोक्यागणिक सालीवर घासून झिजलेला दोर नेमका तेव्हा तुटला. वसंताचा डावा कोपर मोडला आणि तो वाकडाच जुळला. वसंता आता कोइमतूरला सोनं गाळण्याचं दुकान चालवतो, त्या वाकड्या हाताने वितळल्या सोन्याच्या मुशी उचलतो, लग्नात नाचतोसुद्धा. त्याची काही तक्रार नाही. पण अक्का त्या दिवसापासून टेकल्या नव्हत्या.

हे ऐकल्यावर मी झोळीचा विषय सोडून दिला. पण चार दिवसांनी सकाळी अक्का चप्पल घालून दारात उभ्या.

"चला सांगलीला. दोर घ्यावा तर थितलाच. पोरांनी मागितलीया न्हवं? कोन तरी आननारच. मग मीच बगून आनते. तुमी फोटू बगून आनाल."

सांगलीत बाजारपेठेजवळ दोर, सुतळी, ताडपत्री विकणाऱ्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने आधी निळी नायलॉनची जाळी काढली. पाण्यापावसात काही होत नाही, म्हणाला. अक्कांनी ती आपल्या दंडावर दाबून धरली आणि सोडली. कातडीवर चौकटी उमटल्या.

"ह्यात मानूस निजवायचं का मासं धरायचं? पोरगं उठंल तवा अंगावर जिलबीगत छाप पडंल की."

दुसरी झोळी मला आवडली होती. दोन्ही टोकांना लाकडी दांडे, मध्ये पसरलेली, मासिकातल्या चित्रासारखी. दुकानदाराने ती हुकांना अडकवून दाखवली. अक्कांनी एका कडेवर कोपर टेकवला मात्र, सगळी झोळी गर्रकन उलटली.

"वैनी, ही तुमच्याच शाळेतली दिसतीया. दिसायला शिस्तीची आन् टेकलं की पाडनार."

दुकानदार तोंडावर हात ठेवून हसला. मीही हसले. जन्मभर मास्तरीण होते, काय करणार?

शेवटी जाड सुती विणीची, दांडे नसलेली, चांगली रुंद झोळी निघाली. तिच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या एकेका लोखंडी कडीत गुंफलेल्या होत्या. अक्कांनी एकेक दोरी ओढून पाहिली. झाडाला बांधायला दुकानदार दोरखंड कापू लागला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि रुंद पट्टे मागितले. पट्टा खोडाला सपाट बसतो, सालीवर घासत नाही, हे मी वाचलं होतं. अक्कांनी पट्टा हातात घेतला, अंगठ्याने बराच वेळ चोळला. मग म्हणाल्या, "ह्येच द्या."

घरी आल्या आल्या त्यांनी झोळी बांधायला घेतली, आणि तिथे घोटाळा झाला. त्यांच्या गावाकडे बाज ढिली दिसली की घरातल्या बाईला नावं ठेवतात. अक्का दर आठवड्याला बाजेची सुतळी ताणत आलेल्या. त्यांनी झोळीही तशीच ताणली, आजोबांना एका बाजूला ओढायला लावून, बोटाने वाजवली तर वाजेल अशी. मग आतून पाट्यावरचा वरवंटा आणला. आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. पाळण्याने पहिला भार दगडाचा घ्यावा, म्हणून. अक्कांनी त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळून झोळीत ठेवलं आणि हलकासा झोका दिला.

ताणलेली झोळी पालथी झाली. वरवंटा धप्पकन खाली आला.

अक्का तिथेच उभ्या राहिल्या. मग खाली वाकल्या, टॉवेलातला वरवंटा उचलून छातीशी धरला आणि म्हणाल्या, "सोडा ती. परत करा."

"अक्का," मी म्हणाले, "शेतातली झोळी अशी ताणून बांधत होता का?"

"झोळी कोन ताणून बांधंल? ढिली सोडायची, म्हंजी पोराला पोटात घेती." एवढं बोलून त्या थांबल्या. आंब्याकडे पाहिलं, चिकूकडे पाहिलं. पण हात लावला नाही. झोळी घडी होऊन ट्रंकेत गेली. पुढचे काही दिवस त्या घरभर फिरत होत्या. डबे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. संध्याकाळी त्यांना धाप लागायची.

मग गावच्या यात्रेसाठी वसंता कोइमतूरहून आला आणि वाटेत आमच्याकडे उतरला. चांगला जाडजूड, गळ्यात साखळी, आवाज मोठा. हकिकत ऐकून त्याने ट्रंक उघडली. दोन्ही पट्टे खोडांना लावले, झोळी मध्ये चांगली झुलती ठेवली. इतकी खाली, की बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला टेकावेत.

"वसंता, नगं रं. तुजं वजन लय हाय."

"आये, तवा बी मीच पडलोय. आता बी पडलो तर मीच पडू दे. सवय हाय मला."

आणि तो बसला. अक्का धावल्या आणि आंब्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या, जणू झाडाचं काम त्याच करणार होत्या. तो आडवा झाला. मी म्हणाले, जरा तिरका नीज, म्हणजे पाठ सरळ राहते. तो तिरका झाला, सुती वीण त्याच्याभोवती पसरली. झोका गेला, आला. पट्टा जागचा हलला नाही.

"सोड आता तो पट्टा," वसंता उठत म्हणाला. "ये. तुज्या सुनंची शपथ, कोन बगायला येनार न्हाई."

अक्का हसल्या आणि रडल्या, मला वाटतं दोन्ही. मग बसल्या, काठावरच. वसंताने वाकड्या हाताने त्यांची मान धरून त्यांना निजवलं. एक पाय मात्र त्यांनी खालीच ठेवला.

तुमच्या बाबांना त्या वर्षी रजा मिळाली नाही आणि तुम्ही आला नाहीत. पण अक्का रोज दुपारी अंगणात जाऊ लागल्या. "पोरं येस्तवर वापरात ऱ्हाऊ द्या, उंदरं कुरतडतील," असं मला कारण सांगून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला झोळी दिसायची आणि जमिनीवर टेकवलेला त्यांचा तो पाय. पावसात झोळी काढून वाळवून ठेवायची, उघडीप झाली की बांधायची, आधी पट्टे आणि कड्या पाहायच्या, हे त्यांनीच ठरवून टाकलं. दिवाळीनंतर एकदा मी चहाला हाक मारायला खिडकीशी गेले, तर जमिनीवर पाय नव्हता. दोन्ही पाय वर होते. तोंड किंचित उघडं, आणि अक्का घोरत होत्या. मी चहा झाकून ठेवला.

त्यानंतर फार दिवस त्या राहिल्या नाहीत. थंडीत गावी गेल्या होत्या, तिथेच, झोपेत.

रिकामा पाळणा हलू देऊ नये, असं अक्का मानायच्या. मी शिकलेली, मी काही मानत नव्हते. पण आता तुम्ही खरंच येणार, म्हणून परवा झोळी बांधली, तर ती वाऱ्याने एकटीच हलू लागली आणि मला खिडकीशी उभं राहवेना. मी वरवंटा टॉवेलात गुंडाळून तिच्यात ठेवला आहे. आलात की आधी तो उचला, दोन्ही हातांनी, जड आहे. पट्टे एकदा ओढून पाहा. मग तिरके निजा, आणि दोन्ही पाय वर घ्या.