तपासणीच्या दिवसाचं उत्तर

विनोदिनीबाईनं आमच्या गावच्या खाजगी शाळेत अकरा वर्सं शिकवलं. त्यातले मागचे पाच वर्सं ती कागदावर नव्हतीच. मी रेणुकाबाई, त्याच शाळेची आया. घंटी मीच वाजवत होती, म्हणून माह्याकडून ऐका.

तिचं डी.एड. सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातलं, लग्नाच्या आधीचं. इकडं आमच्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले त्या साली शाळेचे मालक सुधाकरराव तिले म्हणे, "ताई, कागद आता नव्यानं भरा लागते. तुमचं तिकडचं सर्टिफिकीट नाही चालत. नाव आमच्या मीनाक्षीचं टाकतो, शिकवा तुमीच. तुमाले इथून कोन काढते?" मीनाक्षी त्याची सून, बी.एड. झालेली, राहे हैदराबादले. ताई म्हटलं की आमची विनोदिनी विरघळे.

तपासणीच्या दिवशी सून कारनं ये, फळ्यापाशी उभी राहे. विनोदिनी माह्या घरी बसून शेंगा फोडे. पोरं गडबडू नये म्हणून आठ दिवस आधी तीच घोकून घे. "साहेबानं इचारलं, तुमची टीचर कोन, तर काय सांगाचं?" "मीनाक्षी टीचर." जो न अडखळता सांगे त्याले लिंबाची गोळी. हसत हसत शिकवे, बावळट कुठली.

मंग कोरोना आला. शाळा बंद, पगार बंद. तिचा नवरा अमृतराव भैंसा गावच्या कापसाच्या जिनिंगमंदी होता, तोही घरी येऊन बसला. तरी ही पोरायले ओसरीवर बोलावून पाढे घेऊन राह्यली होती. एक दिवस समजलं, सरकार खाजगी शाळेतल्या लोकायले महिन्याले दोन हजार आन पंचवीस किलो तांदूळ देऊन राह्यलं. तिनं पोतं धुऊन वाळत घातलं.

यादीत माह्यं नाव होतं. मीनाक्षीचं होतं. तिचं नव्हतं.

ती सुधाकररावाकडं गेली, मी सोबत होती. तो म्हणे, "ताई, यादी सरकारची. माह्या हातात काय हाये?" सुनेच्या नावावरचं तांदळाचं पोतं त्याच्या मागं भिंतीले टेकून ठेवलं होतं. माह्यं डोकं असं सरकलं की काय सांगू. विनोदिनी म्हणे, "भाऊ, तुमी मले असं करसान वाटलं नव्हतं." तो मोबाईल पाहत बसला.

तिनं मंडल ऑफिसात, म्हंजे तहसीलीत, अर्ज देला. आठ दिवसानं चौकशीले तिथला गिरदावर साहेब आला. त्याच सकाळी सुधाकरराव माह्या दारात उभा. "रेणुकाबाई, तुमचं नाव हाये न यादीत?" एवढंच बोलला.

गिरदावरानं शाळेच्या व्हरांड्यात मले इचारलं, शिकवते कोन? मी म्हटलं, "साहेब, मी आया. मले त्यातलं काय समजते?" विनोदिनीनं माह्याकडं पाह्यलं. केसानं गळा कापणाऱ्यात सुधाकरराव एकटा नव्हता, हे मले तवाच समजलं. तरी तो तांदूळ मी खाल्लाच.

ती म्हणे, "पोरायले इचारा साहेब. पोरं खोटं नाही बोलत." तिले खरंच तसं वाटत होतं.

दहाबारा पोरं आली, तोंडाले रुमाल बांधून. साहेब दिसला तशी रांगेत हाताची घडी घालून उभी झाली, कोनी सांगा नाही लागलं. त्यानं इचारलं, तुमची टीचर कोन?

"मीनाक्षी टीचर." सारे एका सुरात. एकही अडखळला नाही.

"साहेब, हे मीच शिकवलं त्यायले," विनोदिनी म्हणे.

"मग बरोबरच शिकवलं," तो म्हणे, आन लिहू लागला.

शेजारच्या बयनाबाईची नात, साऱ्यात लहान, रांगेतून निघून तिच्यापाशी आली. हात पुढं करून उभी राह्यली, गोळीसाठी. विनोदिनीनं पिशवी चाचपली. गोळी नव्हती. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आन म्हणे, "उद्या देतो, बाई."