साडूभाऊंचं पिस्तूल

माझ्या साडूला दोन पोरांनी लुटलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि त्याच्या हातात श्रीखंडाचा डबा होता. टोरोंटोजवळच्या वॉनमधलं नवं घर, घरासमोर ड्राइव्हवे, त्यात चार महिन्यांची एसयूव्ही. एका पोराने जॅकेट जरासं वर केलं, आतलं काळं काहीतरी दाखवलं आणि चावी मागितली. साडूने दिली. बारा वर्षांची मुलगी पुढच्या सीटवर बसली होती, ती उतरली आणि गाडी गेली. खरं सांगायचं तर झालं ते एवढंच.

पण एवढ्याने माझं पोट कुठलं भरायला! पहिल्याच शनिवारी मी महाराष्ट्र मंडळात सांगितलं की साडूने चावी तर दिलीच, वर ‘विंटर टायर बेसमेंटमध्ये आहेत, तेही घेऊन जा’ म्हणाला. दुसऱ्या वेळी त्याने श्रीखंडही दिलं, चमच्यासकट. तिसऱ्या वेळेपर्यंत तो खिडकीतून वाकून त्यांना सीट गरम करायचं बटण दाखवत होता. स्कारबरोत एका तेराव्याच्या जेवणाला मी हे सांगितलं, तर ज्यांचा माणूस गेला होता तेसुद्धा ताटावरून उठून हसायला बाहेर गेले.

साडू स्वतःही हसायचा. त्याची मुलगी हसायची नाही. माझ्या बायकोला तिच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे साडूच्या बायकोने, सांगितलं की त्या दिवसापासून पोरगी बापाशेजारी पुढे बसतच नाही. आई चालवत असेल तरच पुढे. बाप चालवत असेल तर मागे, दाराला चिकटून.

मग एकदा साडू माझ्या बेसमेंटमध्ये आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, “साडूभाऊ, मला पिस्तूल घ्यायचंय. छोटंसं. रोज जवळ बाळगता येईल आणि रविवारी नेमबाजीच्या रेंजवरही चालेल असं. तुमच्याकडे इतकी वर्षं लायसन्स आहे, म्हणून विचारतोय.”

इथे कुणाही बऱ्या माणसाने त्याला दोन गोष्टी सांगितल्या असत्या. एक, कॅनडात तुम्हा-आम्हाला पिस्तूल जवळ बाळगून फिरता येत नाही. कुलूपबंद पेटीत घालून घरून रेंजवर न्यायचं आणि रेंजवरून घरी आणायचं, बस. दुसरी, नळी एकशे पाच मिलिमीटरपेक्षा लांब लागते. अमेरिकन व्हिडिओत दिसतात ती चिमुकली पिस्तुलं बहुतेक त्याहून आखूड, म्हणजे इथे बंदीच. मी या दोन्ही गोष्टी चहाबरोबर गिळल्या.

“शाब्बास,” म्हणालो. “पण आधी अभ्यास करा हं.”

पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. त्याला अभ्यास कर म्हणणं म्हणजे बैलाला पेंड दाखवणं. आठवड्याभरात एक्सेल तयार झालं. एकेचाळीस पिस्तुलं. वजन, जाडी, मुठीची उंची, किती गोळ्या, शर्टाखाली फुगवटा दिसतो की नाही. दर रविवारी तो लॅपटॉप घेऊन यायचा आणि मी चष्मा लावून गंभीरपणे विचारायचो, “घामाने गंज चढतो का, हा कॉलम कुठाय?” पुढच्या रविवारी तो कॉलम हजर.

एकदा मी म्हणालो, “कागदावर सगळं ठीक आहे हो. पण पाऊण किलोचं लोखंड दिवसभर कमरेला सोसवतं का, ते आधी बघायला नको?”

त्याने घरातल्या वस्तू किचनच्या काट्यावर एकेक ठेवून पाहिल्या. वजन बरोबर जुळलं ते खलबत्त्यातल्या पितळी बत्त्याचं. मग आठवडाभर हा माणूस कमरेला बत्ता खोचून ऑफिसला गेला, ग्रोसरीला गेला, डेंटिस्टच्या खुर्चीत आडवा पडला. मला रोज मेसेज यायचा: ‘उजवीकडे गाडीत टोचतो. डावीकडे बरा. वाकताना सांभाळावं लागतं.’

वाकताना सांभाळलं नाहीच. नॉर्थ यॉर्कच्या एका शाळेच्या जिममध्ये मंडळाचा पाडवा होता. साडू एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला आणि कुर्त्याखालून बत्ता सुटला. असा आवाज झाला की बास्केटबॉलची रिंग थरथरली, डॉक्टरांनी रामरक्षा सुरू केली आणि ढोकळ्याच्या रांगेतली निम्मी माणसं पार्किंगपर्यंत पळाली. बरं, पार्किंगपर्यंत नाही. पण दचकली.

“हे काय हो?” कुणीतरी विचारलं.

“साडूभाऊंचं पिस्तूल,” मी म्हणालो. “सध्या फक्त वेलदोड्यांवर चालतं.”

आणि मग, इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं मी दोनशे माणसांसमोर ओतलं. एक्सेल, कॉलम, डेंटिस्ट. “अहो, कमरेला पिस्तूल लावून निघालात तर त्या पोरांच्या आधी तुम्हीच आत जाल! आणि तुमच्या एकेचाळिसातली अडतीस तर इथे मुळात बंदीची आहेत.”

“तुम्हाला माहीत होतं?” साडूने विचारलं.

“पहिल्या दिवसापासून!”

जिम हसून हसून कोसळलं. साडूही हसला, कानाच्या पाळ्या लाल करून. मुलीने बत्ता उचलला, आईच्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, “कॅन वी गो?”

मला वाटलं, प्रकरण संपलं. पण तो चिवट निघाला. ‘रोज जवळ’ हा कॉलम त्याने उडवला, ‘रेंज’ तेवढा ठेवला. दोन दिवसांचा सेफ्टी कोर्स करून पास झाला. लायसन्सच्या अर्जावर बायकोची सही घेतली आणि ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव घातलं.

“माझंच?” मी विचारलं.

“तुमच्याइतकं मला इथे जुनं कोण ओळखतं?”

मग वॉनमधल्या गोदामांच्या मागच्या एका बंदुकीच्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने एक्सेलकडे पाहिलंही नाही. म्हणाला, हात दाखव. सगळ्यात छोटं पिस्तूल साडूच्या मुठीत दिलं तर करंगळी खाली अधांतरी लोंबकळली. “ही करंगळी पाहा,” दुकानदार म्हणाला. “धरायला जागा नाही, वजन नाही, म्हणून छोटं जास्त उसळतं. पन्नास गोळ्यांत मनगट शिव्या देईल.” मग एक मधल्या मापाचं काढलं. नळी एकशे सहा मिलिमीटर, कायद्यापासून एका मिलिमीटरने वाचलेली. मूठ बरोबर, करंगळी जागेवर. साडूने ते दोन्ही हातांत धरलं आणि त्याचे खांदे खाली आले. एकेचाळीस पिस्तुलांनी जे झालं नाही ते त्या बेचाळिसाव्याने केलं.

लायसन्स आलं की तो तेच घेणार होता. त्याच उन्हाळ्यात सरकारने जाहीर केलं की लवकरच पिस्तुलांची खरेदी-विक्री कायमची थांबणार. म्हणजे पानं गळायच्या आत लायसन्स हातात पडायला हवं, नाहीतर कधीच नाही.

तोवर सराव म्हणून मी त्याला माझ्या क्लबात पाहुणा म्हणून नेलं. सराव कसला, तमाशा करायला. मंडळातले चौघे बघायला बोलावले होते. मुलगी काचेमागे बसली होती. आधी मी दहा गोळ्या मारल्या. मग माझंच पिस्तूल त्याला दिलं.

त्याने घाई केली नाही. श्वास सोडायचा, थांबायचा, मारायचा. निशाण्याचा कागद जवळ आणला तर दहातल्या नऊ गोळ्या एका पुरीएवढ्या जागेत. माझ्या कागदावर मोहरी तडतडून उडाली होती.

“काका, साडूंकडे शिकवणी लावा आता,” चौघांतला एक म्हणाला, आणि उरलेले तिघे माझ्यावर हसले. माझ्यावर! तीस वर्षांत या गावात माझ्यावर कुणी हसलं नव्हतं, ते काम माझं होतं.

पार्किंगमध्ये मी पाहिलं: कागदाची गुंडाळी हातात घेऊन पोरगी पुढच्या सीटवर बसली, बापाशेजारी.

ऑगस्टमध्ये, मंगळवारी सकाळी, लायसन्स ऑफिसच्या बाईंचा फोन आला. किती वर्षं ओळखता, दारू पितात का, राग कसा आहे. मी सगळं चांगलं सांगितलं. चांगलंच होतं. मग त्यांनी विचारलं, “पिस्तूल त्यांना कशासाठी हवंय?”

आयुष्यभर मी थापा मारल्या. त्या सकाळी एकही मारली नाही. म्हणालो, “त्याला लुटलं होतं. तेव्हापासून रोज कमरेला लावून फिरायला पिस्तूल हवं होतं. आठवडाभर त्याच वजनाचं पितळ खोचून त्याने सराव केला.”

“हवं होतं, की अजून हवंय?”

आता त्याला नको होतं, हे मला माहीत होतं.

“ते, बाई, मी कसं सांगू?” मी म्हणालो. “माणसाच्या मनातलं कुणाला कळतं?”

अर्ज जास्तीच्या चौकशीला गेला. पानं गळाली, खरेदी बंद झाली. लायसन्स आलं ते डिसेंबरात, पहिल्या बर्फाबरोबर. चकचकीत कार्ड. ज्याने कुठल्याही दुकानात पिस्तूल मिळत नाही असं.

संक्रांतीला सगळे माझ्याकडे जेवायला होते. गुळाची पोळी मोडता मोडता मुलीने विचारलं, “काका, डिड दे कॉल यू?”

“हो तर.”

“व्हॉट डिड यू से?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मिशीवरचं तूप पुसलं. “म्हटलं, हा माणूस डेंजरस आहे. कमरेला बत्ता लावून फिरतो. याला पिस्तूल मुळीच देऊ नका.”

काय हसले सगळे! साडूच्या डोळ्यांतून पाणी आलं. “तुम्ही म्हणजे ना, साडूभाऊ!” म्हणत त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मेव्हणीने मला आणखी एक पोळी वाढली. पोरगी तेवढी माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ, न चावता. मग “ओके” म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

आता साडू माझ्याच पिस्तुलाने खेळतो. मेंबर मी, पिस्तूल माझं, पाहुणा तो. शनिवारी न चुकता फोन करतो, “उद्या जमेल ना?” बहुतेकदा जमतं. पण महिन्यातला एखादा रविवार मी राखून ठेवतो. शनिवारी हो म्हणतो. सकाळी तो चाळीस मिनिटं गाडी हाकत येतो, मुलगी शेजारी, दोघांच्या गळ्यात कानांवर लावायचे मफ. मी घरच्या कपड्यांत दार उघडतो आणि कमरेवर हात ठेवतो.

“आज पाठ धरलीय हो.”

“अरेरे,” तो म्हणतो, अगदी मनापासून. “पडून राहा तुम्ही. काही आणू का? बाम वगैरे?”

गाडीच्या काचेतून पोरगी माझ्याकडे बघत असते. मी तिला हात करतो आणि त्याला बाम आणायला पाठवतो.