उजेडाचं भांडण

त्या सकाळी मी अन् बायको पत्र्याच्या भोकातून आलेल्या कवडशात तूरडाळ निवडत होतो. उन्हात धूळ नाचत होती. ती म्हणाली, "बघा, उजेड कसा दाण्यादाण्यानं सांडतो."

"येडी हायस का? ती धूळ हाय. उजेड पाण्यावानी पसरतो."

ती सुपातले खडे वेचत राहिली. दुपारी तिच्या छातीत कळ आली अन् ती गेली. माझं तिच्याशी शेवटचं बोलणं तेवढंच.

महिन्यानं ते भोक बुजवायला डांबर आणावं म्हणून लोह्याहून नांदेडच्या एसटीत बसलो. शेजारी एक म्हातारी बाई होती, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेली. खिडकीच्या धुळकट काचेवर बोटानं उगाच ठिपके काढायची तिला सवय दिसली. मला राहवलं नाही. विचारलं, "बाई, उजेड दाण्यावानी असतो का पाण्यावानी?"

ती हसली नाही. ठिपक्यांखाली तिनं एक लाट काढली. "दादा, यावर मोठमोठे शास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या भांडले. कोणी कण म्हणे, कोणी लाट. शेवटी उजेडात दोन्ही गुण निघाले."

"मग हरलं कोण?"

"कोणीच नाही. पण हे कळलं तेव्हा पहिले भांडणारे मरून गेले होते."

पदराला बोट पुसून ती मधेच उतरली. नाव विचारायचं राहिलं.

मी डांबर घेतलंच नाही. दुसऱ्या सकाळी सूप घेऊन कवडशात बसलो अन् मोठ्यानं म्हणालो, "तुझं खरं निघालं. पण ती धूळच होती."